व्हिएन्नातील परदेशी विद्यार्थी

१८४६ साल सरत आले असता व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक रुग्णालयातील प्रसूतिगृहासंबंधी नेमलेल्या एका चौकशी समितीने आपला निर्णय दिला. त्या प्रसूतिगृहाच्या पहिल्या विभागात येणाऱ्या बाळंतिणी सूतिकाज्वराने पटापट मरत होत्या, आणि त्याचे कारण आपल्याला सापडले आहे असे समितीला वाटत होते. वैद्यकीचे विद्यार्थी तपासणी करताना स्त्रियांना इजा करतात, आणि त्यांतही परदेशाहून आलेले विद्यार्थी हाताचे अधिक कठोर असतात, असे समितीचे म्हणणे पडले. उपायही लगोलग योजण्यात आला. विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणण्यात आली, परदेशीयांना जवळजवळ मज्जाव करण्यात आला, आणि तपासण्या शक्य तितक्या कमी कराव्यात असे ठरले.

समितीचा तर्क चुकीचा होता. तथापि तो सर्वस्वी निराधार होता असेही म्हणता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांचे हात त्या स्त्रियांना खरोखरच घातक ठरत होते. मात्र त्याचे कारण समितीने सांगितले त्याहून निराळे होते. ते कारण उमगण्यासाठी आणखी सहा महिने जावे लागले आणि त्या अवधीत शंभराहून अधिक बाळंतिणींचे प्राण गेले. विद्या संपादन करण्यासाठी परदेशी रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही हकीकत मुळातून समजून घ्यावी इतकी ती बोधप्रद आहे.

व्हिएन्नाचे हे रुग्णालय सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची कीर्ती साऱ्या युरोपात पसरली होती. पूर्वी वैद्यकीचा विद्यार्थी विद्येचे माहेरघर म्हणून पॅरिसकडे धाव घेई; आता त्याची पावले व्हिएन्नाकडे वळू लागली होती. याचे श्रेय प्रामुख्याने दोघा आचार्यांचे. योसेफ श्कोडा हा रुग्णाच्या छातीवर बोटे वाजवून आणि कान लावून आतील बिघाडाचे अचूक निदान करण्यात निष्णात होता. कार्ल रोकिटान्स्की हा विकृतिशास्त्राचा प्राध्यापक. रुग्णालयात मरण पावलेल्या माणसाचे शव त्याच्या विच्छेदनगृहात येई, आणि जिवंतपणी केलेले निदान खरे होते की खोटे याचा निवाडा तेथील मेजावर होई. एका छताखाली इतके रुग्ण, इतकी शवे आणि इतके नामांकित गुरू दुसरीकडे क्वचितच मिळत. त्यामुळे जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स अशा अनेक देशांतून, मायदेशी शिक्षण बहुतेक पुरे केलेले तरुण अखेरचा हात फिरवण्यासाठी काही महिने येथे येऊन राहत. फी भरून निरनिराळ्या विषयांचे छोटे छोटे वर्ग करण्याची सोय तेथे होती. वेळ थोडा, खर्च मोठा आणि शिकण्याची हाव दांडगी, अशी त्या तरुणांची स्थिती असे.

या विद्यार्थ्यांना ज्यांच्या देहावर शिकायचे होते त्या स्त्रिया कोण होत्या? सुखवस्तू घरातील स्त्री त्या काळी आपल्या घरीच बाळंत होई. रुग्णालयात येत त्या मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या मुली, गिरणीतील मजूर बायका. त्यांतल्या पुष्कळ अविवाहित असत. लोकलज्जेपासून त्यांना आडोसा हवा असे, आणि जन्मलेले मूल रुग्णालयाशी संलग्न असलेल्या अनाथ बालकाश्रमात ठेवून पुन्हा कामावर जाण्याची निकड असे. ही सोय त्यांना विनामूल्य मिळे; परंतु तिचा मोबदला निराळ्या नाण्यात चुकवावा लागे. विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून त्यांनी आपला देह तपासू दिला पाहिजे, अशी ती अट होती. एकाच स्त्रीला एकामागून एक कितीतरी विद्यार्थी तपासून जात. तो विद्यार्थी कोण, कोठला, किती शिकलेला, हे तिला कोणी सांगत नसे, आणि तिची संमती विचारावी ही कल्पनाही कोणाच्या मनाला शिवत नसे. परदेशी विद्यार्थ्याला तर पुष्कळदा तिची भाषाही धडपणे येत नसे.

प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० सालच्या एका राजाज्ञेने पुरुष विद्यार्थ्यांची रवानगी पहिल्या विभागात आणि सुइणीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांची दुसऱ्या विभागात झाली. तोवर दोन्ही विभागांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखे होते. ही वाटणी झाली आणि पारडे एका बाजूस झुकले. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागातील २०,०४२ बाळंतपणांत १,९८९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्या विभागातील १७,७९१ बाळंतपणांत मृत्यू पावलेल्या स्त्रिया ६९१ होत्या. म्हणजे विद्यार्थ्यांच्या विभागात शेकडा दहा, तर सुइणींच्या विभागात शेकडा चारांहूनही कमी. एकट्या १८४६ सालात पहिल्या विभागात ४५९ स्त्रियांनी प्राण सोडले. खेरीज पहिल्या विभागातील पुष्कळ आजारी बाळंतिणींना रुग्णालयाच्या दुसऱ्या दालनांत हलवीत. तेथे झालेले त्यांचे मृत्यू या हिशेबात आलेलेच नाहीत.

आकडे प्राध्यापकांच्या वह्यांत होते. पण शहरातील गोरगरीब बायकांना ते वह्या न उघडताच ठाऊक झाले होते. दोन्ही विभागांत दाखल करून घेण्याचे वार आलटून पालटून असत. चुकून पहिल्या विभागाच्या वाराला येऊन पोचलेली स्त्री, आपण कोठे आलो हे कळताच, गुडघे टेकून हात जोडी आणि आपल्याला परत जाऊ द्यावे म्हणून विनवी. कित्येकजणी रुग्णालयाच्या वाटेवरच बाळंत होत आणि मूल पदराआड घेऊन दाराशी येत. नवलाची गोष्ट अशी, की उघड्या रस्त्यावर, कोणाच्याही मदतीवाचून बाळंत झालेल्या या स्त्रिया सूतिकाज्वराने क्वचितच आजारी पडत. जिला विद्येचा स्पर्श झाला नाही ती वाचे. जिला तो लाभला ती मरे.

याची कारणमीमांसा करण्यास विद्वान कमी पडले नाहीत. हवेत, आकाशात आणि भूमीत काही अज्ञात प्रभाव असून त्यामुळे ही साथ येते, हे सर्वांत आवडते स्पष्टीकरण. परंतु तो प्रभाव एकाच इमारतीतील एका दालनात शिरतो आणि शेजारच्या दालनाला वगळतो, हे कसे? गर्दीमुळे रोग वाढतो म्हणावे, तर बायका जीव मुठीत धरून दुसऱ्या विभागाकडेच लोटत, आणि गर्दी तेथेच अधिक होई. भीतीने माणूस आजारी पडतो म्हणावे, तर अंत्यविधीसाठी येणाऱ्या धर्मगुरूला आडवाटेने आणि घंटा न वाजवता नेऊन पाहिले. त्यानेही काही फरक पडला नाही. पुरुषांनी तपासल्यामुळे स्त्रियांना वाटणारी लाज हेही एक कारण काहींनी पुढे केले. समितीने परदेशीयांच्या कठोर हातांचा शोध लावला तो या परंपरेतच. अपरिचित माणसावर दोष ठेवला की घरच्या माणसांची झोप मोडत नाही.

या प्रसूतिगृहात प्राध्यापक योहान क्लाइन याच्या हाताखाली इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण सहायक होता. तो मूळचा हंगेरीतील बुडा येथला, जन्म १८१८ सालचा. रोज सकाळी प्राध्यापकांची फेरी होण्यापूर्वी प्रसूतीच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक स्त्रीची तपासणी करणे आणि विद्यार्थ्यांना ती शिकवणे हे त्याचे काम. त्यापूर्वी तो आणखी एक काम नेमाने करी: शवागारात जाऊन आदल्या दिवशी दगावलेल्या स्त्रियांची शवे तपाशी. या मृत्यूंचे कोडे उलगडावे ही त्याची तळमळ होती, आणि उत्तर मृत देहांत सापडेल असा त्याचा विश्वास होता. १८४६ च्या ऑक्टोबरात त्याच्या आधीचा सहायक परत आला आणि सेमेलवाइसला काही काळ जागा सोडावी लागली. त्या हिवाळ्यात तो इंग्रजी शिकत बसला. डब्लिनच्या मोठ्या प्रसूतिगृहात जाऊन अनुभव घ्यावा असा त्याचा बेत होता. ज्या परदेशी विद्यार्थ्यांना व्हिएन्नाने बाहेर ठेवले होते, त्यांच्यासारखाच परदेशी विद्यार्थी होण्याच्या तयारीत तो स्वतः होता.

तो बेत तडीस गेला नाही. जागा पुन्हा रिकामी झाली आणि व्हेनिसची एक छोटी सफर आटोपून १८४७ च्या मार्चच्या २० तारखेस सेमेलवाइस पुन्हा कामावर रुजू झाला. परत येताच त्याला एक दुःखद वार्ता समजली. न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेट्श्का, ज्याच्याविषयी त्याला मोठा आदर होता, तो १३ मार्च रोजी वारला होता. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी प्राध्यापकाच्या बोटाला लागली. जखम लहानशी, पण काही दिवसांत हात सुजला, ताप भरला आणि बघता बघता छातीचे, हृदयाचे, पोटाचे आणि मेंदूचे आवरण दाहाने व्यापून त्याचा अंत झाला.

शवपरीक्षेचा वृत्तांत वाचताना सेमेलवाइसच्या मनात एकच गोष्ट रात्रंदिवस घोळू लागली. हीच लक्षणे त्याने शेकडो बाळंतिणींच्या देहांत पाहिली होती. मग प्राध्यापकाचा रोग आणि त्या गरीब स्त्रियांचा रोग हे दोन रोग नव्हतेच. कोलेट्श्काच्या रक्तात शवातील सडलेला अंश सुरीने शिरला. बाळंतिणींच्या देहात तो कशाने शिरत होता? सुरी तर कोणी वापरत नव्हते. उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर, किंबहुना त्याच्या मनगटाशीच होते. शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे हातच तो अंश वाहून आणीत होते. साबणाने हात धुतल्यावरही त्यांना शवाचा वास येतो हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत होते. त्या वासाचा अर्थ मात्र कोणी लावला नव्हता. सुइणींना शवविच्छेदन शिकवीत नसत, म्हणून त्यांच्या विभागात बाळंतिणी वाचत होत्या.

प्रेताला शिवून आलेला माणूस स्नान केल्याखेरीज घरात वावरत नाही, हा मराठी घरांतील जुना रिवाज. त्यामागील भावना धार्मिक; रोगजंतूंच्या ज्ञानाशी तिचा संबंध जोडणे बरोबर होणार नाही. पण ज्याला हा रिवाज ठाऊक आहे, त्याला युरोपातील सर्वांत प्रगत रुग्णालयात शवाला लावलेला हात लगेच बाळंतिणीला लावीत, हे ऐकून अंगावर काटा आल्यावाचून राहणार नाही. नव्या शास्त्रीय ज्ञानानेच ही वाट पाडली होती, हे सेमेलवाइसने जुन्या नोंदी चाळून दाखवून दिले. क्लाइनच्या पूर्वीचा प्राध्यापक बोएर हा प्रसूतीचे शिक्षण शवावर देण्यास राजी नव्हता. तो ते कृत्रिम पुतळ्यावर देई. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी, १८२२ साली, ३,०६६ बाळंतपणांत २६ मृत्यू झाले. क्लाइनने शवावर शिकवण्यास आरंभ केला आणि १८२३ साली २,८७२ बाळंतपणांत २१४ स्त्रिया दगावल्या.

आता परदेशी विद्यार्थ्यांचे कोडेही सुटले. समितीचा तर्क सेमेलवाइसने एकेक करून खोडून काढला. मुलाच्या जन्माने स्त्रीच्या देहाला जो ताण पडतो, त्यापुढे विद्यार्थ्याच्या बोटाने होणारी इजा ती काय? शिवाय सुइणीही तपासणी करीतच होत्या. त्यांच्या तपासणीने कोणी मरत नव्हते. आणि परदेशी तरुणाचा हात स्थानिक तरुणाच्या हाताहून आडदांड असतो असे मानण्यास आधार कोणता? फरक होता तो दिनक्रमात. परदेशी विद्यार्थी आपला देश सोडून, पैसे खर्चून, थोड्या दिवसांत शक्य तितके पदरात पाडून घेण्यासाठी आलेला असे. तो विकृतिशास्त्राच्या आणि न्यायवैद्यकाच्या शवविच्छेदनांना हजर राही, शवावर शस्त्रक्रियेचे वर्ग करी, प्रसूतिशास्त्राचे प्रयोगही शवावरच करी, आणि मधल्या वेळात प्रसूतिगृहात येऊन स्त्रियांना तपाशी. स्थानिक विद्यार्थ्याला एवढी घाई नसे, म्हणून त्याचे हात त्या मानाने कमी दूषित असत. परदेशीयाचा अपराध काही असलाच, तर तो त्याच्या अतोनात उद्योगाचा होता.

येथे या हकीकतीचे मर्म आहे. विद्यार्थ्याचा हेतू वाईट नव्हता. तो आळशी, निष्काळजी किंवा निर्दय नव्हता. उलट जो अधिक तळमळीचा, जो अधिक शिकू पाहणारा, तोच अधिक स्त्रियांना मृत्यूच्या दारी नेत होता. समितीने निर्बंध घातल्यावर मृत्यू काही काळ खरोखर घटले. १८४७ च्या फेब्रुवारीत पहिल्या विभागात सहाच स्त्रिया दगावल्या. परंतु मार्चअखेर सेमेलवाइस पुन्हा रुजू झाला आणि शवागारात जाण्याचा त्याचा परिपाठही पुन्हा चालू झाला. विद्यार्थी थोडे आणि परदेशी जवळपास नाहीत, अशा स्थितीत एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू झाले. हे सत्य सेमेलवाइसने स्वतःपासून लपवले नाही. प्रसूतिशास्त्राच्या फारच थोड्या अभ्यासकांनी आपल्याइतकी शवे हाताळली असतील, आणि आपल्यामुळे अकाली गेलेल्या स्त्रियांची गणती कोणा माणसाला करता येणार नाही, अशा आशयाची कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिली. दुसऱ्यावर दोष ठेवण्याच्या त्या वातावरणात अशी कबुली देणारा तो जवळजवळ एकटाच होता.

मे १८४७ च्या मध्यास त्याने प्रसूतिगृहाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याचे द्रावण वापरण्यात येऊ लागले. आत येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो प्राध्यापक असो की विद्यार्थी, त्यात हात धुतल्यावाचून रुग्णाला स्पर्श करू नये, असा दंडक त्याने घातला. ज्याने शवाचा वास नाहीसा होतो त्याने तो घातक अंशही नाहीसा होईल, असा त्याचा सरळ हिशेब होता. मे महिन्यात ३६ स्त्रिया दगावल्या होत्या. जूनमध्ये सहा, जुलैमध्ये तीन. १८४८ साली पहिल्या विभागातील ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले, म्हणजे शेकडा सव्वाच्या आसपास, आणि त्या वर्षाच्या मार्च व ऑगस्ट या महिन्यांत एकही बाळंतीण दगावली नाही. सुइणींच्या विभागाशी आता बरोबरी झाली होती.

पण शिक्षण एवढ्यावर संपले नव्हते. १८४७ च्या ऑक्टोबरात दालनातील पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित अशी एक स्त्री होती. दारात क्लोरीनने हात धुतलेले तपासणारे प्रथम तिला तपासत आणि पुढच्या खाटांकडे जाताना केवळ साबणाने हात धूत. तिच्यासोबत बाळंत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकराजणी मरण पावल्या. तेव्हा सेमेलवाइसला उमगले की दोष केवळ शवाचा नाही. जिवंत देहातील सडलेला अंशही तितकाच घातक आहे. दारात एकदा हात धुऊन भागत नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी ते धुतले पाहिजेत. नियम पाळला आणि तरी अनर्थ घडला. कारण नियमामागील तत्त्व अद्याप पुरते हाती आले नव्हते.

हे नवे ज्ञान जगापुढे गेले ते कोणामार्फत? सेमेलवाइसला लेखणीचा मनस्वी कंटाळा होता. त्याचा स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १८६१ साल उजाडले. दरम्यान त्याच्या वतीने बोलले ते काही मित्र आणि व्हिएन्नात शिकून मायदेशी परतलेले परदेशी विद्यार्थी. राउथ नावाच्या इंग्रज डॉक्टराने येथे पाहिलेल्या गोष्टींवर निबंध लिहिला, आणि तो १८४८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या वैद्यकसंस्थेपुढे वाचला गेला. ज्या परदेशीयांना समितीने दाराबाहेर काढले, त्यांनीच पुढे त्या दाराशी ठेवलेल्या भांड्याची वार्ता देशोदेशी नेली. परदेशी विद्यार्थ्याच्या हातून रोग जातो, तसे ज्ञानही जाते. काय जावे हे त्याला कसे तयार केले आहे यावर अवलंबून असते.

अशीच एक वार्ता जर्मनीच्या उत्तरेस कील या गावी पत्राने पोचली. तेथील प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक मिखाएलिस याने क्लोरीनने हात धुण्याचा प्रघात तात्काळ सुरू केला आणि त्याचा गुणही आला. परंतु त्याच बरोबर त्याच्या ध्यानात आले, की मागील उन्हाळ्यात आपण आपल्या एका नातलग स्त्रीचे बाळंतपण केले आणि ती सूतिकाज्वराने गेली, त्या वेळी आपले हात शवविच्छेदन केलेले होते. ही जाणीव त्याला सोसवली नाही. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला. अजाणता घडलेल्या अपायाचे ओझे किती जड असते, याचा हा दाखला मन विषण्ण करतो. विद्यार्थ्याला आधी सावध करणे हे केवळ रुग्णावर केलेले उपकार नव्हेत. ते त्या विद्यार्थ्याचेही रक्षण असते.

सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात निवर्तला. त्याच्या मताला शास्त्राची पूर्ण मान्यता त्यानंतर मिळाली. १८७९ साली लुई पाश्चर याने सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले, आणि ज्याला सेमेलवाइस सडलेला अंश म्हणत असे त्याची खरी ओळख पटली. एवढे मात्र नमूद केले पाहिजे, की त्या भांड्याने बाळंतिणींचे प्राण वाचवले तरी त्यांचा मान त्यांना परत दिला नाही. त्यांना विचारल्यावाचून तपासण्याची चाल चालूच राहिली. सुरक्षितता आणि नीती या दोन गोष्टी परस्परांच्या शेजारी राहतात; पण एक आली म्हणजे दुसरी आपोआप येते असे नाही.

आज व्हिएन्नाच्या त्या दालनासारखी स्थिती पुष्कळ ठिकाणी निराळ्या वेषात उभी आहे. संपन्न देशांतील वैद्यकीचे विद्यार्थी काही आठवड्यांसाठी आफ्रिकेतील वा आशियातील रुग्णालयांत अनुभव घेण्यास जातात. तेथे डॉक्टर थोडे आणि रुग्ण अमाप. मायदेशी ज्या विद्यार्थ्याला गुरूच्या देखरेखीवाचून टाका घालू देत नाहीत, त्याच्यापुढे परमुलखात सबंध शस्त्रक्रिया येऊन ठाकते, आणि आपण मदतच करीत आहोत अशा भावनेने तो पुढे होतो. भारतातून परदेशी वैद्यकी शिकण्यास जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. २०२१ सालच्या भारतीय नियमांप्रमाणे अशा विद्यार्थ्याला किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातून पुरा करून त्याच परदेशी संस्थेत बारा महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावे लागते. वर्गातील भाषा इंग्रजी असते. खाटेवरील म्हातारीची भाषा मात्र तिच्या गावची असते. तिच्या पोटात कोठे दुखते हे तिच्याच बोलीत विचारता येत नसेल, तर तिला तपासण्याचा परवानाही अपुराच म्हटला पाहिजे.

यास्तव अशा विद्यार्थ्यांची तयारी प्रवासापूर्वीच व्हावी असा विचार अलीकडे बळावला आहे. २०१० साली या विषयातील जाणकारांच्या एका गटाने अमेरिकेतील उष्णप्रदेशीय वैद्यकाच्या नियतकालिकातून काही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विद्यार्थी पाठवणारी संस्था, त्याला ठेवून घेणारी संस्था, खर्च सोसणारे आणि स्वतः विद्यार्थी, या सर्वांची कर्तव्ये त्यांत मांडली आहेत. ज्या रुग्णालयात जायचे त्याच्या गरजा प्रथम, विद्यार्थ्याची सोय नंतर, हा त्यांतील विचार लक्षणीय आहे. पाहुणा आला म्हणून यजमानाच्या ताटातील घास कमी होऊ नये, हे घरगुती शहाणपणच तेथे शास्त्राच्या भाषेत मांडलेले दिसते.

व्हिएन्नाच्या अनुभवावरून या तयारीची रूपरेषा सहज आखता येते. आपण अद्याप विद्यार्थी आहोत हे रुग्णाला त्याला कळेल अशा भाषेत सांगणे आणि त्याने नकार दिल्यास विनातक्रार मागे सरणे, ही पहिली पायरी. जे काम घरी देखरेखीवाचून करण्याची मुभा नाही ते परक्या देशातही न करणे, ही दुसरी. तिसरी पायरी स्वतःच्या रक्षणाची. कोलेट्श्काच्या बोटाला लागलेली सुरी आजही सुईच्या रूपाने प्रत्येक दालनात आहे. म्हणून निघण्यापूर्वी यकृतदाहाच्या ब प्रकारावरील लस पुरी केलेली असावी, आणि सुई टोचलीच तर कोणाला कळवायचे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. एड्सच्या विषाणूला रोखणारी औषधे अशा अपघातानंतर जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी. ७२ तास उलटून गेल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. आणि चौथी पायरी मनाची: आपल्या हातून काही चुकले असे दिसताच ते बोलून दाखवण्याचे धैर्य.

१८४६ सालच्या समितीने दारात उभे राहून प्रत्येक विद्यार्थ्याला तो कोणत्या देशाचा एवढेच विचारले, आणि त्याच्या उत्तरावरून त्याला आत घेतले किंवा परत पाठवले. त्याने बाळंतिणी वाचल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याच दाराशी पाण्याचे एक भांडे आले. त्या भांड्याला देश कळत नव्हता, पदवी कळत नव्हती. आत जाणाऱ्याने आपला हात आताच कोठे होता याची आठवण ठेवावी आणि मगच तो दुसऱ्याच्या देहाला लावावा, एवढेच ते सांगत होते. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या सामानात पुस्तके असतील, उपकरणे असतील. त्यांच्याबरोबर त्या भांड्याची आठवणही असली पाहिजे.